पुढचं वाक्य

हे आमच्या घरात कुणाला माहीत नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — आणि आई म्हणजे, ज्याच्याबद्दल हे आहे त्याची सख्खी बहीण. ज्याला हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तो धायरीत राहतो, आमच्या कोथरूडच्या घरापासून असा किती लांब? मनात आणलं तर चहाच्या वेळेला निघून जेवायच्या आत परत येता येईल. त्याला सांगायचं सोडून मी तुम्हाला सांगतेय. हेही माझ्या गुन्ह्यातच धरा.

‘हद्दवाढ’ तुम्ही पाहिला असेल. नसेल पाहिला तरी त्यातलं एक वाक्य तुमच्या कानावर नक्की गेलं असेल. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा कॅमेऱ्याशेजारी बघत म्हणतो, "साहेबांनी सांगितलं म्हंजी झालं. आपण कशाला इचारायचं?" आणि मग हसतो. काय हसतो! समाधानानं, अगदी डोळ्यांतून. त्या हसण्यावर थिएटरात शिट्ट्या पडायच्या.

तो म्हातारा माझा मामा. आणि तो सिनेमा एडिट केला मी.

हे काही गुपित नाही, सिनेमाच्या शेवटी पाटीवर माझं नाव आहे. गुपित वेगळंच आहे. पण ते सांगण्याआधी मामा कोण होता ते सांगायला हवं — नाहीतर तुम्हालाही तो टोपीवाला म्हाताराच दिसत राहील.

दत्तूमामा आईचा धाकटा भाऊ. कारखान्यात फिटर होता. कारखाना सुटला की उरलेला सगळा वेळ पक्षाचा. भिंती रंगवायच्या, सतरंज्या टाकायच्या, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना सायकलवर बसवून बूथवर न्यायचं. पद कधी मागितलं नाही आणि कुणी दिलंही नाही. पक्षाचे साहेब गावात आले की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे, तेवढ्यावर त्याची पुढची निवडणूक निघायची.

आणि त्याला सिनेमाचं वेड. धायरी तेव्हा गावच होतं. सुट्टीत आई मला तिकडे सोडायची, आणि जत्रेला तंबूतला सिनेमा आला की मामा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा. समोर गर्दी असली की आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो. तिथून सगळं उलटं दिसायचं — पाट्यांवरची अक्षरं उलटी, हिरो डावखुरा. मला त्याचं काही वाटायचं नाही. ते धुळीचं, घामाचं, भाजलेल्या शेंगांचं वातावरण मला अजून लख्ख आठवतं. मामा सिनेमा बघता बघता कानात सांगत राहायचा. एकदा एक माणूस दारातून बाहेर पडला आणि एकदम रेल्वेत बसलेला दिसला. मामा म्हणाला, "बघ नंदे, मधलं काढून टाकलं. तरी आपल्याला कळलं का नाय?" कळलं होतं. पुढे मी एडिटिंग शिकायला गेले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी विचारलं, त्यात नोकरी लागते का? एकट्या मामानं विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं मी काय शिकायला चाललेय ते.

मिलिंद मला कॉलेजात भेटला — नवरा नव्हे, कामातला जोडीदार. तो माहितीपट करायचा. मी ते जोडायचे. एखाद्या संस्थेच्या सभागृहात खेळ व्हायचा, ओळखीची माणसं यायची, शेवटी चहा आणि चर्चा. आमची सगळी तरुण वर्षं त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर गेली. चांगली गेली, खोटं कशाला बोलू. कामासाठी कोथरूडला एका इमारतीत गच्चीलगतची खोली भाड्यानं घेतली होती. उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापायचे म्हणून कुलर त्यांच्याकडे तोंड करून लावायचा आणि आम्ही पुठ्ठ्यानं वारा घ्यायचो. कुणी बघणार नाही असं वाटत असताना केलेल्या कामात एक सुख असतं. ते सुख मला परत कधी मिळालं नाही.

मग ‘हद्दवाढ’ आला. विषय आमच्याच आजूबाजूचा. शहराच्या कडेची गावं शहरात घेतली. शाळा होणार, दवाखाना होणार म्हणून लोकांनी जमिनी दिल्या. आणि काही वर्षांनी तिथं उभे राहिले टॉवर. हे कुणी केलं, कसं केलं — साहेबांचं नाव घेऊन बोलायला कुणी तयार होत नव्हतं. जमिनी गेलेली माणसं रडायची, पण नाव आलं की गप्प. मीच मिलिंदला म्हटलं, माझा मामा आहे. घरोघर जाऊन लोकांना ‘जमिनी द्या’ म्हणून समजावणाऱ्यांत तो होता. तो बोलेल.

मामानं आधी नाही म्हटलं. मग मी एकटी गेले. मामीनं पिठलं-भाकरी केली होती. जेवताना मी नुसतं म्हणाले, "मी आहे ना तिथं, मामा." तो थोडा वेळ भाकरी मोडत बसला आणि म्हणाला, "तू हायस तर ये म्हणावं त्यांना."

त्या दिवशीचं शूटिंग मी कधी विसरणार नाही. अंगणात खुर्ची टाकली. मामानं धुतलेली टोपी घातली. त्याच्या शर्टाला माइक मी लावला. मी मिलिंदच्या मागे उभी होते आणि मामा उत्तरं मिलिंदला देत होता, पण बघत होता माझ्याकडे. मिलिंदनं विचारलं, जमिनीचं खरं काय होणार आहे, हे तुम्ही साहेबांना कधी विचारलं नाही? मामा म्हणाला, "साहेबांनी सांगितलं म्हंजी झालं. आपण कशाला इचारायचं?"

आणि थांबला. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली. मग तो पुढे म्हणाला —

"असं वाटायचं तवा. चुकलं ते. इचारायला पाहिजे व्हतं. लोकांनी जिमिनी दिल्या त्या माझ्या तोंडाकडं बघून, साहेबांच्या नाय. रामभाऊनं दिली ती माझ्याकडं बघून दिली. हे आजपर्यंत कुणाम्होरं बोललो नाय."

मिलिंदनं मान डोलावली. मी माइक काढायला पुढे गेले तेव्हा कॅमेरा बंद झालेला नव्हता. मामानं माझ्याकडे बघितलं आणि हसला. शाळेत पाठ केलेली कविता न चुकता म्हणून झाल्यावर मूल घरच्यांकडे बघून हसतं ना, तसं. मोकळा झाला होता. आयुष्यभराचं एक ओझं त्यानं त्या अंगणात खाली ठेवलं होतं, आणि ते माझ्या भरवशावर ठेवलं होतं.

ते हसू तुम्ही पाहिलंय. ते मी उचललं आणि "आपण कशाला इचारायचं?" याच्या पाठीला लावलं. मधलं काढून टाकलं.

का? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली होती. थोड्या मित्रांना सिनेमा दाखवला होता आणि मध्यावर दोघंतिघं मोबाइल बघायला लागली होती. तिथं काहीतरी हवं होतं — हशा, चीड, काहीही. मामाचा कबूल करणारा तुकडा लांब होता, संथ होता. आणि तो ऐकल्यावर बघणाऱ्याचा राग विझायचा. मला तो पेटता हवा होता. मी वाक्य तोडलं, हसू जोडलं, परत लावून बघितलं आणि माझी मीच मोठ्यानं हसले. इतकं बेमालूम बसलं होतं.

मिलिंदला ते पटलं नाही. हे सांगितलंच पाहिजे, कारण आमच्या घरात आजही सगळे मिलिंदला नावं ठेवतात. तो म्हणाला, नंदा, तो माणूस पहिल्यांदा बोललाय, ते राहू दे. आम्ही दोन दिवस भांडलो. शेवटी दमून तो म्हणाला, "तुझा मामा आहे. त्याला विचार, आणि तू ठरव."

मी म्हणाले, विचारलं. त्याला चालेल.

मी विचारलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एक वाक्य कापलं, त्याचं एवढं काय? आधीच्या सिनेमांसारखा हाही ओळखीच्या लोकांनी बघितला असता तर कदाचित एवढं काही झालं नसतं. पण हा चालला. आणि कसा चालला!

सुरुवातीला कुणी थिएटर द्यायला तयार नव्हतं. एका मॅनेजरनं तर मिलिंदला तोंडावर सांगितलं, "माहितीपट? माहिती आम्हाला पेपरात मिळते." कसाबसा एक दुपारचा खेळ मिळाला. पहिल्या दिवशी निम्म्या खुर्च्या आमच्याच लोकांनी भरल्या. मग साहेबांच्या पक्षाची मुलं आली आणि पोस्टरला काळं फासून गेली. कुणीतरी कोर्टात गेलं, सिनेमा थांबवा म्हणून. तो थांबला नाही. दारात पोलिसांची गाडी लागली आणि पुणेकरांना वाटलं, आत नक्की काहीतरी बघण्यासारखं आहे. दुपारचा एक खेळ होता, तिथं दिवसभर खेळ सुरू झाले. मग नाशिक, कोल्हापूर, मुंबई. पेपरात सिनेमाच्या पानावर आमच्या कमाईची बातमी आली — माहितीपटाच्या कमाईची! रिकाम्या खुर्च्यांसमोर वर्षानुवर्षं चर्चा केलेली आम्ही माणसं. मी आणि मिलिंद समोरच्या फुटपाथवर उभे राहून नुसती तिकिटाची रांग बघायचो. पावसातही रांग हलायची नाही. त्या दिवसांची आठवण आली की आजही मी तिथंच रेंगाळते. हेच तर वाईट आहे. ते दिवस मला अजून आवडतात.

आणि तो सिनेमा चालला मामाच्या वाक्यावर. ट्रेलर मीच केला होता, त्याच्या शेवटी ते वाक्य आणि ते हसू. पोरांनी त्याची रील्स केली. रिक्षांच्या मागे ते लिहिलेलं दिसायला लागलं. ऑफिसात बॉसनं काही काम सांगितलं की पोरं एकमेकांकडे बघून म्हणायची, आपण कशाला इचारायचं?

मामा सिनेमा बघायला आला तेव्हा आख्खं घर घेऊन आला. कडक इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. अंधार झाल्यावर त्यानं माझा हात हातात घेतला, लहानपणी घ्यायचा तसा. त्याचा चेहरा पडद्यावर आला आणि — तो बोलायच्या आधीच थिएटरानं ते वाक्य म्हटलं. एका सुरात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलेली माणसं होती. मग शिट्ट्या, हशा. मागून कुणीतरी म्हणालं, असल्या चमच्यांनीच वाट लावली.

मामा पुढच्या वाक्याची वाट बघत होता. मला ते त्याच्या हातातून कळत होतं. पडद्यावर टॉवर आले, क्रेन आल्या, दुसरी कुणी बाई बोलायला लागली. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं त्यानं हात काढून घेतला. रागानं नाही — हात अवघडला की काढतो, तसा.

बाहेर लोकांनी त्याला ओळखलं. फोटो काढले. मामी कौतुकानं म्हणाली, मामा तुझा हिरो झाला गं.

पुढे एका दुपारी तो एकटाच कोथरूडला आमच्या घरी आला. बसनं. पिशवीत मेथी होती, मामीनं दिलेली. मी चहा ठेवला. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि सरळच बोलला. रामभाऊ — ज्यांची जमीन मामाच्या शब्दावर गेली होती ते — त्याच्याच आळीतले. इतकी वर्षं त्यांना समोरासमोर सांगायला मामाची जीभ रेटली नव्हती. म्हणून शूटिंग झाल्यावर तो त्यांना म्हणाला होता, सिनेमा आला की बघ, त्यात मी बोललोय. रामभाऊ गेले. तिकीट काढून गेले. बघून आले. आणि त्या दिवसापासून रस्त्यात मामा दिसला की बाजू बदलायला लागले.

मग त्यानं मला विचारलं. "नंदे, मी पुढं बोललो व्हतो ना गं? का मला नुसतंच वाटतंय?"

आता ऐका. इतका वेळ ज्याच्याभोवती फिरतेय ते हे.

मी ‘हो’ म्हणू शकत होते. त्याचं पूर्ण वाक्य तिथंच, शेजारच्या खोलीत माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं. त्याला खुर्चीवर बसवून दाखवू शकत होते. रामभाऊंना बोलावून दाखवू शकत होते. चहा उकळत होता. सिनेमा अजून थिएटरात होता, बक्षिसांची बोलणी चालली होती, मुलाखतीत लोक मला विचारायचे की ते दृश्य तुम्हाला सुचलं कसं. आणि मी — माझ्या मामाला, त्याच्या तोंडावर — म्हणाले, "नाही मामा. तू तिथंच थांबला होतास."

त्यानं वाद घातला नाही. माझ्या शब्दावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"मग बरोबर हाय," तो म्हणाला. "मनातल्या मनात बोललो असंन. भित्रा माणूस मी. आयत्या वेळी जीभ मागं फिरली असंल."

मी चहा गाळला. आम्ही चहा प्यायलो. त्यानं कप विसळून ठेवला आणि गेला.

वाक्य कापणं ही एक गोष्ट झाली. दुसरी तुम्हीच बघा. आयुष्यात एकदा तो माणूस न घाबरता बोलला होता, आणि तो बोललाच नाही असं मी त्याला पटवलं. आज तो स्वतःबद्दल जे समजतो ते माझ्यामुळे समजतो. घरात कुणी सिनेमाचा विषय काढला की आई म्हणते, त्या मिलिंदनं काहीतरी घोळ केला असणार. तेव्हा मामाच तिला थांबवतो — त्याचा काय दोष, मीच बोललो नाय. मिलिंदनं एकदा फोनवर विचारलं, मामा कसे आहेत, रागावले नाहीत ना? मी म्हटलं, छे, खूश आहेत.

रामभाऊ गेल्या वर्षी गेले. मामा दहाव्याला गेला होता, पण घाटावर मागच्या मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता परत आला, असं मामीनं सांगितलं. आता दाखवायचं कुणाला?

त्यानंतर मी किती वेळा ठरवलं. भाऊबीजेला आई त्याला ओवाळते तेव्हा, त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात. प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त सापडलं. आता या वयात त्याला कशाला त्रास, हे त्यातलं सगळ्यात सोयीचं. त्रास त्याला नाही, मला होणार होता. तो मला माफ करेल, हेही मला माहीत आहे. लगेच करेल, तिथल्या तिथं. तेही मला नको होतं, असं आता वाटतं.

गेल्या महिन्यात भाचीचं लग्न झालं, सिंहगड रस्त्यावरच्या एका कार्यालयात. जेवणं झाल्यावर नवऱ्यामुलाच्या मित्रांनी मामाला ओळखलं आणि खुर्च्या ओढून त्याच्याभोवती कोंडाळं केलं. आजोबा, तो डायलॉग म्हणा की. मला वाटलं, तो उठून जाईल. तो उठला नाही. सवयीनं टोपी सारखी केली, समोर धरलेल्या मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेबांनी सांगितलं म्हंजी झालं. आपण कशाला इचारायचं?" आणि हसला. सिनेमात हसतो तस्सं. त्या पोरांना हवं होतं तेवढंच, नीट मापात.

सगळे हसले. मीही त्यांच्यात उभी होते. मीही हसले.